पिस्टन नाही, तरी इंजिन चालतं कसं?

प्रश्न : मी मोटारसायकलींच्या गॅरेजमध्ये काम करतो. हेड उतरवणं, रिंगा बदलणं, बोअर करून आणणं हे रोजचंच. परवा मोबाइलवर रोटरी इंजिनाचा व्हिडिओ पाहिला. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, नुसता एक जाड त्रिकोण आत फिरतो आणि गाडी पळते. मित्र म्हणाला, यात नवीन काही नाही, पहिल्या महायुद्धातल्या विमानांना रोटरीच इंजिनं होती. हे इंजिन इतकं जुनं आणि इतकं सुटसुटीत असेल, तर आपल्या गाड्यांत ते का नाही? ते नेमकं चालतं कसं आणि आज कुठे वापरतात?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या मित्राचं म्हणणं खरं आहे आणि तुम्ही पाहिलेला व्हिडिओही खरा आहे. मात्र ती दोन वेगळी यंत्रं आहेत. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत पिस्टन होते, कनेक्टिंग रॉड होते, व्हॉल्व्हही होते. फरक एवढाच की त्यात सिलिंडरच गरगर फिरत. तुम्ही पाहिलेलं त्रिकोणी रोटरचं इंजिन जर्मनीतल्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आलं आणि पहिल्यांदा चाललं ते १९५७ साली. तोवर ती जुनी विमानं केव्हाच संग्रहालयांत गेली होती.

दोन्हींच्या कहाणीत एक सूत्र मात्र समान आहे आणि ‘आपल्या गाड्यांत का नाही’ याचं उत्तरही त्यातच आहे. ज्या रचनेमुळे या इंजिनांना मोठा फायदा मिळाला, त्याच रचनेतून त्यांचा तोटाही आला. फायदा तेवढा ठेवून तोटा काढून टाकणं कुणालाच पुरतं जमलं नाही. मग तोटा जिथे सोसता येईल असं काम या इंजिनांसाठी शोधावं लागलं. तुमच्या पत्रातले प्रश्न सुटे करून एकेक घेतो.

विमानातलं इंजिन स्वतःच का फिरायचं?

तुमच्या रोजच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. जुन्या रोटरीत क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला असे आणि त्याच्याभोवती क्रँककेस, सगळे सिलिंडर आणि पुढचा पंखा एकत्र फिरत. फ्रान्समधल्या लुई आणि लोराँ सेगँ या भावांच्या नोम कंपनीनं असं सात सिलिंडरचं, ५० हॉर्सपॉवरचं ‘ओमेगा’ इंजिन बनवलं. ऑगस्ट १९०९ मध्ये रँस इथल्या विमानस्पर्धेत वैमानिक आँरी फार्मन याच इंजिनावर सुमारे १८० किलोमीटर उडाला आणि लांब पल्ल्याचं बक्षीस घेऊन गेला. त्या काळात विमान काही मिनिटं हवेत राहिलं तरी बातमी होत असे.

हे यश वजनात होतं. तेव्हाची विमानं इतकी हळू उडत की समोरच्या वाऱ्यानं इंजिन थंड राहत नसे. पाण्यानं थंड होणारं इंजिन घ्यावं तर रेडिएटर आणि पाणी यांचं वजन अंगावर येई. सिलिंडरच फिरवले तर विमान जमिनीवर उभं असतानाही त्यांना वारा मिळतो, आणि इतकं वजन फिरत असल्यावर वेगळं फ्लायव्हील लागतच नाही. ओमेगाचे सिलिंडर पोलादाच्या घडीव तुकड्यातून, थंडाव्याच्या फिनांसकट लेथवर कोरून काढत आणि त्यांच्या भिंतीची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर ठेवत. तुम्ही बोअरिंगचं काम जवळून पाहिलेलं आहे. या आकड्याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. सगळं इंजिन मिळून ७५ किलोच्या आसपास भरे.

आता तोटा पाहा. क्रँकशाफ्ट स्थिर म्हणून पेट्रोल-हवेचं मिश्रण त्याच्याच पोकळीतून क्रँककेसमध्ये सोडावं लागे. तिथे साधं खनिज तेल टाकलं तर ते पेट्रोलमध्ये विरघळून जातं. म्हणून पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारं एरंडेल वापरत. फिरत्या इंजिनातून ते परत गोळा करणं शक्य नव्हतं. ते बाहेर भिरकावलं जाई आणि त्याचा फवारा मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर येई. तासन्‌तास एरंडेल नाकातोंडात गेल्यावर पोटाचं काय होतं, हे मराठी घरात कुणाला विचारावं लागणार नाही. वैमानिकांना हा त्रास खरोखरच सोसावा लागला.

दुसरा तोटा जिवावर बेतणारा होता. नाकावर एवढं वजन फिरत असलं की विमान वळवताना ते नाक भलतीकडेच ओढतं. १९१७ मध्ये आलेल्या ब्रिटिशांच्या सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानात हे फार जाणवे. उजवीकडे वळताना ते झपकन वळे, पण नाक खाली जाई; डावीकडे वळताना नाक वर उचललं जाई. कसलेल्या वैमानिकाला लढाईत याचा उपयोग होई, शिकाऊ मुलं मात्र त्यात प्राणाला मुकली. रॉयल फ्लाइंग कोअरच्या २८ व्या स्क्वाड्रनमध्ये हेच विमान घेऊन लढलेल्या वैमानिकांत आपले हरदित सिंग मलिकही होते.

आणि या इंजिनाला वाढायला जागाच नव्हती. सिलिंडर जितक्या वेगानं फिरवावेत तितकी जास्त ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते, आणि हा खर्च वेगाच्या कितीतरी पट वाढत जातो. मिनिटाला बाराशे ते चौदाशे फेऱ्यांच्या पुढे जाण्यात अर्थ उरत नसे. विमानं वेगवान झाल्यावर समोरचा वारा थंडाव्याला आपोआप पुरू लागला आणि सिलिंडर फिरवण्याचं कारणच संपलं. १९१८ मध्ये युद्ध थांबलं आणि पुढच्या काही वर्षांत ही इंजिनं मागे पडली.

त्रिकोण फिरून चार स्ट्रोक कसे होतात?

आता वांकेल इंजिन. पिस्टनची मूळ अडचण अशी की त्याला सतत थांबावं लागतं. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला २०० वेळा थांबून उलटा फिरतो. धक्के, थरथर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवरचा ताण हे सगळं या ये-जा करण्यातून येतं. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण गळती रोखणाऱ्या सीलचा त्यांचा अभ्यास खोल होता. ये-जा न करता नुसतं फिरत राहणाऱ्या इंजिनाचं पहिलं पेटंट त्यांनी १९२९ मध्ये मिळवलं. पुढे नेकारझुल्म गावच्या एनएसयू कंपनीत हे काम आकाराला आलं. वांकेल यांच्या पहिल्या नमुन्यात आतला रोटर आणि बाहेरचं हाउसिंग दोन्ही फिरत. हाउसिंग स्थिर ठेवणारी सोपी रचना एनएसयूचे हान्स डिटर पाश्के यांनी बसवली आणि आज जी इंजिनं दिसतात ती याच रचनेची आहेत.

हाउसिंग आतून मधे किंचित दबलेल्या लंबगोलासारखं असतं. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर बसतो. त्याची तिन्ही टोकं फिरताना कायम भिंतीला टेकलेली राहतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटरच्या पोटात आतल्या बाजूला दाते असलेलं गिअर असतं आणि ते हाउसिंगला घट्ट बसवलेल्या लहान गिअरवरून लोळतं. बोटात सैल बांगडी अडकवून ती फिरवली तर कशी फिरते ते डोळ्यांपुढे आणा : बांगडीचा मध्य बोटाभोवती भराभर घिरट्या घालतो, पण बांगडी स्वतः सावकाश वळत असते. इथेही तसंच. या गिअरांच्या दात्यांचं प्रमाण ३ ला २ असल्यामुळे मधला शाफ्ट तीन फेरे घेतो तेव्हा रोटरचा एक फेरा पुरा होतो.

आता रोटरच्या एका बाजूवर मनातल्या मनात खडूची खूण करा आणि तिच्यासमोरच्या कप्प्यावर लक्ष ठेवा. हाउसिंगच्या एका अंगाला आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं अशी दोन तोंडं आहेत, समोरच्या अंगाला स्पार्क प्लग. खूण आत येण्याच्या तोंडावरून सरकते तसा कप्पा मोठा होत मिश्रण ओढून घेतो. मागचं टोक त्या तोंडापुढे गेलं की कप्पा बंद होतो आणि लहान होत जातो : कॉम्प्रेशन. दबलेल्या भागापाशी कप्पा सर्वांत लहान असतो तिथे प्लग पेटतात. जळता वायू रोटरला पुढे ढकलतो, कप्पा पुन्हा मोठा होतो. मग पुढचं टोक बाहेर जाण्याच्या तोंडावरून सरकतं आणि धूर निघून जातो. चार स्ट्रोक पुरे झाले आणि व्हॉल्व्ह एकही लागला नाही, कारण तोंडं उघडण्याचं आणि झाकण्याचं काम रोटरच करतो.

एका बाजूचं हे चालू असताना उरलेल्या दोन बाजू आपापला टप्पा गाठतच असतात. म्हणून एक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एक स्फोट देतो. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एक देतं. दोन रोटरच्या इंजिनात मुख्य फिरते भाग मोजून तीन, दोन रोटर आणि एक शाफ्ट. लहान, हलकं आणि कमालीचं मुलायम इंजिन तयार होतं.

एवढं चांगलं असेल तर अडलं कुठे?

टोकाच्या सीलवर. तुमच्या पिस्टनला दोन-तीन रिंगा असतात, त्या गोल असतात, भिंतीला सरळ टेकतात आणि खालून तेल मिळत राहतं. रोटरच्या प्रत्येक टोकाला एकच सरळ पट्टी असते. जपानच्या माझदा कंपनीच्या प्रसिद्ध १३बी इंजिनात ती ८० मिलिमीटर लांब आणि अवघी दोन-तीन मिलिमीटर जाड असते. खाचेत बारीक स्प्रिंग, वर ही पट्टी. ती भिंतीला एका रेघेवरच टेकते आणि भिंतीचा वळसा बदलत असल्यानं टेकण्याचा कोनही सतत बदलतो. तिच्या एका अंगाला जळता वायू असतो आणि दुसऱ्या अंगाला ताजं मिश्रण. ती किंचित उचलली गेली तरी कॉम्प्रेशन गेलंच.

एनएसयूनं १९६७ मध्ये ‘आरओ ८०’ ही दोन रोटरची सुंदर मोटार आणली. युरोपात तिला १९६८ ची ‘कार ऑफ द इयर’ ठरवण्यात आलं. पण सुरुवातीच्या गाड्यांची सीलं झिजली, इंजिनं वॉरंटीत बदलून द्यावी लागली आणि त्या खर्चानं कंपनी वाकली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या गोटात, आउटो युनियनमध्ये विलीन झाली.

हिरोशिमा शहरातल्या माझदानं १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतला होता. त्यांच्या पहिल्या इंजिनांत हाउसिंगच्या चकचकीत भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उमटू लागले. इंजिनिअरांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटलं. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा गट याच कामाला लावला गेला. कारण सापडलं ते असं : पट्टी भिंतीवरून घसरताना आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येला थरथरते, क्षणभर उचलली जाते, पुन्हा आदळते आणि प्रत्येक आदळण्याचा वळ उठतो. धातूच्या पट्टीला टोकाजवळ आडवी-उभी छिद्रं पाडून त्यांनी ती कंपनसंख्या बदलली आणि ओरखडे थांबले. विक्रीच्या गाडीसाठी मात्र कार्बनमध्ये ॲल्युमिनिअम मुरवलेली, स्वतःच थोडं वंगण देणारी पट्टी वापरली. ती गाडी म्हणजे ‘कॉस्मो स्पोर्ट’, मे १९६७. बाकीच्या कंपन्या हे इंजिन सोडून गेल्या तरी माझदा टिकली ती या चिकाटीमुळे. पुढे १९७८ पासून निघालेल्या आरएक्स-७ या मोटारी आठ लाखांहून जास्त बनल्या.

या चिकाटीची सर्वांत मोठी परीक्षा २२-२३ जून १९९१ ला फ्रान्समधल्या ल माँ इथल्या २४ तासांच्या शर्यतीत झाली. चार रोटरची, २.६ लिटरची आणि सुमारे ७०० हॉर्सपॉवरची ‘७८७बी’ ही गाडी जॉनी हर्बर्ट, फोल्कर वायडलर आणि बर्ट्रांड गाशो यांनी आळीपाळीनं ३६२ फेऱ्या चालवली आणि शर्यत जिंकली. ल माँ जिंकणारी ती पहिली जपानी गाडी होती. तिच्या टोकांना सिरॅमिकच्या पट्ट्या होत्या. शर्यतीनंतर इंजिन उघडून पाहिलं तेव्हा ते उत्तम स्थितीत होतं. ज्या सीलवरून एक कंपनी बुडाली होती, त्याच सीलनं इथे २४ तास शर्यतीचा वेग झेलला.

मग अॅव्हरेज का देत नाही?

सील सुधारलं, तरी कप्प्याचा आकार बदलता येत नाही. पिस्टनच्या वर मिश्रण आटोपशीर जागेत जळतं. वांकेलमध्ये तो कप्पा लांबट, पातळ आणि शिवाय सरकता असतो. ज्योतीला एका कडेपासून दुसरीकडे पोहोचायला वेळ लागतो, म्हणूनच एका रोटरला साधारणपणे दोन प्लग देतात. चपट्या कप्प्यात धातूचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते आणि कोपऱ्यातलं मिश्रण न जळताच बाहेर पडतं. टोकाच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं तेल मुद्दाम आत सोडावं लागतं आणि तेही जळतं. ज्या आकारामुळे व्हॉल्व्ह वाचले, थरथर वाचली, त्याच आकारामुळे पेट्रोल जास्त लागलं आणि धूर वाढला.

१९७३ च्या तेलसंकटानं हा हिशेब जगापुढे मांडला. सित्रोएननं त्याच वर्षी आणलेली जीएस बिरोटर ही मोटार ८४७ गाड्यांवर थांबली; कंपनीनं त्यातल्या बऱ्याचशा परत विकत घेऊन मोडीत काढल्या. जनरल मोटर्सनं १९७० मध्ये परवाना घेतला होता, १९७४ मध्ये बेत सोडला. माझदानंही आरएक्स-८ या मोटारीचं उत्पादन २०१२ मध्ये बंद केलं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न अॅव्हरेजचा असतो, कारण पेट्रोलचा खर्च महिन्याच्या पगारातून जातो. मुलायमपणासाठी दर किलोमीटरला जास्त मोजायला आपला माणूस तयार होणार नाही, आणि ते योग्यच आहे. पिस्टनचं इंजिन दीडशे वर्षांत घासून-पुसून इतकं काटकसरी झालंय की या कामात वांकेलला त्याची बरोबरी करता येत नाही.

आज ते कुठे वापरतात? भारतात आहे का?

जिथे वजन आणि जागा पेट्रोलहून महाग पडते तिथे. पहिलं ठिकाण म्हणजे वैमानिकाविना उडणारी विमानं. इंग्लंडमधल्या शेनस्टोन गावी बनणारं एका रोटरचं इंजिन अमेरिकी सैन्याच्या ‘शॅडो’ ड्रोनमध्ये बसवलेलं होतं. स्वतःच्या ताकदीवर उड्डाण घेणाऱ्या काही ग्लायडरांतही वांकेल वापरतात, कारण ते त्यांच्या अरुंद पोटात मावतं.

भारतातही हे काम झालं आणि त्याचा काही भाग महाराष्ट्रात झाला. डीआरडीओचं ‘निशांत’ हे टेहळणीचं ड्रोन ट्रकवरच्या रुळावरून फेकून उडवत आणि पॅराशूटनं उतरवत. त्याला आधी परदेशी वांकेल इंजिन होतं. ५५ हॉर्सपॉवरचं देशी इंजिन बनवताना गाभ्याची जबाबदारी बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं उचलली : खास ॲल्युमिनिअम मिश्रधातूची ओतकामं आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप. इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या डीआरडीओच्या वाहन-संशोधन संस्थेनं केली. एप्रिल २००९ मध्ये कर्नाटकातल्या कोलार इथून या इंजिनावर निशांत उडालं. पुढे लष्करानं निशांत जास्त संख्येनं घेतलं नाही, पण त्या भिंतीवरचा लेप आपल्या लोकांना साधला ही कमाई मोठी आहे. वर सांगितलेली ओरखड्यांची लढाई अशाच भिंतीवर झाली होती.

दुसरं ठिकाण म्हणजे वीज बनवणं. माझदानं २०२३ मध्ये ‘एमएक्स-३० आर-ईव्ही’ ही मोटार आणली. तिची चाकं विजेच्या मोटरवर फिरतात. ८३० सीसीचं एका रोटरचं इंजिन फक्त जनरेटर चालवतं, बॅटरी उतरली की. ते इतकं अरुंद आहे की जनरेटर आणि मोटर यांच्या रांगेत एकाच बॉनेटखाली मावतं, आणि गाडीच्या वेगाप्रमाणे सतत पिकअप देण्याची कटकट त्याच्यामागे नाही.

तिसरी शक्यता हायड्रोजनची. पिस्टनच्या इंजिनात जिथे स्फोट होतो त्याच तापलेल्या जागेत ताजं इंधन येतं, त्यामुळे हायड्रोजन वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो. वांकेलमध्ये इंधन थंड बाजूला आत येतं आणि दुसऱ्या बाजूला पेटतं. हाउसिंगची एक बाजू कायम गरम आणि एक कायम थंड राहणं हा पेट्रोलवर दोष होता, कारण त्यानं हाउसिंगवर असमान ताण येतो. हायड्रोजनवर तोच गुण ठरतो. माझदानं २००६ मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या आरएक्स-८ गाड्या जपानमध्ये भाड्यानं दिल्याही होत्या.

शेवटी तुमच्या कामाची एक गोष्ट. कधी एखादी आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ तुमच्यासमोर आली, तर नेहमीच्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. तो गेज एका रोटरच्या तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्याचा आकडा दाखवतो आणि खराब पट्टी लपून राहते. रोटरीसाठीचा वेगळा टेस्टर तिन्ही कप्प्यांचे आकडे सुटे देतो. तीन आकडे जवळपास सारखे आले तर इंजिन ठणठणीत आहे; शेजारचे दोन पडलेले दिसले तर त्यांच्यामधलं टोक उघडून पाहा. आणि तेल कमी झालं म्हणून गाडीला नावं ठेवू नका. ते तेल त्या पट्ट्यांनाच दिलेलं असतं. मालकाला दर काही टाक्यांमागे पातळी तपासायला सांगा, म्हणजे इंजिन बरीच वर्षं साथ देईल.